मुलींना सिव्हिल बरे

जूनचा शेवटचा आठवडा होता आणि पावसाने चार दिवस उसंत घेतली नव्हती. शेजारच्या घरातली मुलगी भर दुपारी छत्री झटकत आमच्या सोप्यावर आली. बारावीचा निकाल कधीच लागून गेला होता, प्रवेश परीक्षेचे गुणही हाती आले होते आणि तिच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पसंतीक्रमाचा कच्चा कागद होता, ज्यावर तिने पेन्सिलीने कॉलेजांची नावे लिहून शाखांच्या जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळणार हे जवळजवळ ठरल्यासारखे होते; प्रश्न शाखेचा होता. कॉम्प्युटर नको, एवढे तिने घरात भांडून आधीच मिळवले होते. "काकी, पहिले सिव्हिल घालू की मेकॅनिकल?" असे तिने विचारले तेव्हा मी चहा गाळत होते. तीस वर्षे सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम केलेल्या बाईकडे ती हा प्रश्न घेऊन भर पावसात आली होती, म्हणजे त्या प्रश्नाला तिच्या लेखी काही वजन होते. मी गाळणीवरची नजरही न उचलता म्हणाले, "बाय, मुलींना सिव्हिल बरे." ती "बरं" म्हणाली, चहा प्याली, कप विसळून पालथा घातला आणि निघताना पायरीवर थांबून म्हणाली, "तुमच्या पंपाचा आवाज बदललाय, काकी." पावसामुळे तसे वाटत असेल, असे मी म्हणाले आणि दार लोटून घेतले.

ते वाक्य माझे नव्हते.

ते माझ्या वडिलांचे होते. पस्तीस वर्षांपूर्वी, याच सोप्यावर, याच स्वरात ते मला ऐकवले गेले होते आणि तेव्हा मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले होते. तेच वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघावे, जणू चहात साखर किती हे सांगावे तसे, याने मला पुढचे कित्येक दिवस स्वस्थता लाभू दिली नाही.

बाबा एका खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थांबे, बार्ज नदीकाठी बांधून ठेवलेल्या असत आणि वर्षभर राबलेली यंत्रे वर्कशॉपमध्ये येत. त्यामुळे इतरांचे वडील ज्या दिवसांत घरी लवकर परतत त्याच दिवसांत आमचे बाबा उशिरा येत. लाकडाच्या भुशात सोडा मिसळून ते कोपरापर्यंत हात घासत, तरी नखांच्या कडांत काळी रेघ राहायचीच, आणि चवथीला गणपतीपुढे बसत तेव्हाही त्यांच्या अंगाला उदबत्तीखालून डिझेलचा वास येई. एका शनिवारी त्यांनी मला सोबत नेले. मी सातवीत असेन. पत्र्याच्या उंच शेडमध्ये पाऊस इतका वाजत होता की माणसे हातवारे करून बोलत होती. त्या गदारोळात बाबांनी खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचे टोक एका चालत्या पंपाच्या बेअरिंगपाशी टेकवले, लाकडी मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मग तोच स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हाती दिला. पहिल्यांदा नुसती कंपने जबड्यात शिरली. हळूहळू शेड, पाऊस, हातोडे सगळे मागे सरकले आणि लोखंडाच्या आत कुठेतरी एकसंध गुणगुण ऐकू येऊ लागली. त्यांनी टोक दुसऱ्या बाजूला सरकवले. तिथे त्या गुणगुणीत मधूनच रव्यातले खडे दाताखाली यावेत तशी कचकच होती. "गुणगुणतो तो बरा, कचकचतो तो आजारी," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "महिन्याभराने हा सगळ्यांना ऐकू येईल. आपल्याला आज ऐकू यायला हवा." त्या दिवशी मी मनातल्या मनात मेकॅनिकल इंजिनिअर झाले.

१९९० साली प्रत्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा बाबांनीच नाही म्हटले. ओरडले नाहीत. वर्कशॉपमध्ये बाईमाणूस कुठे उभे राहील, रात्रपाळीला कोण सोडील, पंचवीस पुरुषांमध्ये एकटी काय करशील, अशी एकेक अडचण ते पत्त्यासारखी मांडत गेले आणि शेवटी म्हणाले, "बाय, मुलींना सिव्हिल बरे. ड्रॉइंग असते, ऑफिस असते." त्यांनी पाहिलेले वर्कशॉप खरे होते, त्यात बायकांसाठी साधे स्वच्छतागृह नव्हते हेही खरे होते. सिव्हिलविषयी मात्र त्यांना काहीच माहीत नव्हते. पुढची तीस वर्षे मी उन्हापावसात, पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत, नदीकाठच्या चिखलात काढणार आहे हे त्यांना ठाऊक असते तर त्यांनी तेही नको म्हटले असते. फार पुढे मी वाचले की मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४० च्या दशकात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तीन मुलींपैकी दोघी सिव्हिलच्या होत्या आणि एक इलेक्ट्रिकलची. मेकॅनिकलची त्यांत कुणी नव्हती. वाचल्यावर मला पहिल्यांदा बाबांचाच चेहरा आठवला.

तरीही मला नुसते ढकलले गेले असे म्हणणे खोटे ठरेल. सिव्हिलच्या बाजूने माझ्या मनातही एक दृश्य होते, आणि ते ५ जुलै १९८६ नंतरचे होते. त्या दिवशी मांडवीवरचा पूल कोसळला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझे आजोळ म्हापशाकडे. चवथीनंतर आजीकडे जाताना फोंड्याहून निघालेली आमची बस रायबंदरच्या बांधावरून पणजीत शिरली, आणि तिथून पुढे फेरीबोटीसाठी रांगेत उभे राहावे लागले. आई माझा हात घट्ट धरून होती. फेरीबोट बेतीकडे निघाली तेव्हा नदीत मध्येच तुटलेला तो पूल दिसला. खांब उभे होते आणि त्यांच्यामधला रस्ता नव्हता. बोटीवरची माणसे आपापसांत बोलायची थांबली होती. तो पूल १९७० साली सुरू झाला होता, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा होता. कॉलेजात गेल्यावर कळले की काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत आतल्या आत गंजत गेल्या होत्या. ज्या बांधावरून आमची बस आली होती तो मात्र पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३३-३४ मध्ये, चिऱ्यांनी बांधलेला. तीन किलोमीटरहून लांब, खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीतून गेलेला, आणि आजही वाहने वाहणारा. साडेतीनशे वर्षे टिकलेल्या बांधावरून जाऊन सोळा वर्षांत पडलेला पूल पाहायचा, हे चौदाव्या वर्षी मला कुणी उलगडून दाखवले नव्हते. पण असे का झाले असेल, हा प्रश्न त्या बोटीवर माझ्या मनात बसला तो उठला नाही.

फर्मागुडीच्या पठारावर पहिले वर्ष सगळ्यांना सारखेच होते. वर्कशॉपच्या तासाला लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये आवळून कानशीने घासायचा, काटकोन्या लावून उजेडासमोर धरायचा, आणि फटीतून प्रकाशाची केसाएवढी रेघ दिसली की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड येत. जॉब नीट झाला आहे की नाही हे त्याच क्षणी, त्याच उजेडात कळे, आणि त्या तात्काळ उत्तराची मला चटक लागली. दुसऱ्या वर्षी शाखा वेगळ्या झाल्या. पलीकडच्या शेडमध्ये मेकॅनिकलची मुले लेथवर शाफ्ट उतरवून मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजत होती. आम्ही काँक्रीटचे क्यूब भरत होतो. दीडशे मिलिमीटर बाजूचा लोखंडी साचा, त्यात तीन थर, प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा, क्यूबवर तारीख लिहायची आणि तो पाण्याच्या टाकीत सोडून द्यायचा. सात दिवसांनी एक फोडायचा, आणि खरे उत्तर अठ्ठावीस दिवसांनी. एम-ट्वेंटी काँक्रीटचा तो एवढासा ठोकळा सुमारे शेहेचाळीस टनांचा भार सोसून मग फुटायला हवा. प्रयोगशाळेत ते अठ्ठावीस दिवस निवांत जात. साइटवर गेल्यावर त्यांचा अर्थ कळला. क्यूबचा निकाल येतो तोवर त्याच काँक्रीटच्या खांबावर वरचा स्लॅब पडलेला असतो. निकाल वाईट आला तर तो खांब काही टाकीतून काढून फेकता येत नाही.

पुढे ज्या ज्या वेळी कुणी मला या दोन शाखांतला फरक विचारला त्या त्या वेळी मी नोकऱ्यांविषयी बोलले. सिव्हिलला साबांखा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खाते, आणि जलस्रोत खाते आहे, मेकॅनिकलला वास्कोचे शिपयार्ड आणि वेर्ण्याचे औषधी कारखाने आहेत, वगैरे. मला जाणवलेला फरक याहून खोलवरचा आहे, आणि तो मी त्या मुलीला सांगायला हवा होता. यंत्राला आयुष्य आधी जगून दाखवायला लावता येते. एकोणिसाव्या शतकात वोलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने आगगाडीच्या आसांचे नमुने लाखो वेळा फिरवले आणि पोलाद नेमके किती फेऱ्यांनी थकते ते पाहिले. आसाचे अख्खे आयुष्य त्याने एका खोलीत बसवले. मेकॅनिकलवाला दहा नमुने मोडून अकरावा विकू शकतो. आमच्याकडे पहिलाच नमुना शेवटचा असतो. एक पूल एकाच नदीवर एकदाच उभा राहतो, आणि ज्या जमिनीवर तो उभा राहतो ती कुणी बनवलेली नसते, कुणी पूर्ण पाहिलेलीही नसते. चार ठिकाणी बोअर घेऊन मधल्या जमिनीविषयी अंदाज बांधायचा. गोव्यात तर वर चिऱ्याचे कठीण कवच आणि खाली, उन्हाळ्यात टणक वाटणारी पण पाणी लागले की लोण्यासारखी सरकणारी माती असे प्रकरण ठिकठिकाणी निघते. कोकण रेल्वेला पेडणे आणि जुन्या गोव्याच्या बोगद्यांनी किती छळले ते माझ्या पिढीने रोजच्या वर्तमानपत्रात वाचले आहे. १९९८ साली मार्ग पूर्ण सुरू झाला, आणि तरी २०२० च्या ऑगस्टमध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत पावसात ढासळून गाड्या दुसऱ्या मार्गाने न्याव्या लागल्या.

मीही हे पुस्तकातून शिकले नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सत्तरी तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कडेला तीन मीटर उंचीची चिऱ्यांची संरक्षक भिंत माझ्या देखरेखीखाली बांधली गेली. एप्रिल महिना होता, मागची कापलेली माती विटेसारखी कोरडी होती. पाणी निघून जाण्यासाठी भिंतीत पाइप ठेवले होते. ते मी मोजले, नकाशात होते तितके भरले. त्या पाइपांच्या मागे खडीचा थर घालायचा होता. ठेकेदार म्हणाला की खडी उद्या येते आहे, आणि उद्या मी दुसऱ्या साइटवर होते. परत आले तेव्हा मागे भराव झाला होता, वर घरंगळलेले चार खडे दिसले, आणि मी मोजमाप पुस्तिकेत सही केली. जुलैत पाइपांची तोंडे मातीने लिंपली गेली, पाणी भिंतीमागे साठले आणि भिंतीवरचा रेटा हिशेबात धरला होता त्याच्या दुपटीहून वर गेला. आधी भिंतीला पोट सुटले. दोन दिवसांनी पहाटे ती रस्त्यावर आडवी झाली. कुणाला इजा झाली नाही, कारण पहिली बस अजून सुटायची होती. मी तिथे पोहोचले तेव्हा चिरे ओल्या लाल चिखलात पडले होते आणि एक म्हातारी डोक्यावर खोळ घेऊन त्यांच्याकडे बघत उभी होती. तिने मला काही विचारले नाही. अकरा दिवस तो रस्ता बंद राहिला. आजही रस्त्याने जाताना कुठलीही संरक्षक भिंत दिसली की माझी नजर आधी पाइपांकडे जाते, आणि भर पावसात त्यांतून पाणी ठिबकताना दिसले की मला बरे वाटते. घरी आल्यावर मी बाबांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एकच विचारले, "पडायच्या आधी आवाज आला नसेल का गो?" मला वाटते, आला असेल. चिऱ्यांच्या सांध्यांतून काहीतरी कुरकुरले असेल. तिथे कान लावायला कुणी नव्हते.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. बाबा तेव्हा निवृत्त होते, पण माझा चुलतभाऊ, ज्याला सगळ्यांनी पाठ थोपटून मेकॅनिकलला पाठवले होते, त्याच धंद्यात होता. घराघरांसमोर उभे राहिलेले ट्रक आणि त्यांच्या चाकांतून वर चढलेल्या वेली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी वेगळे सांगायला नको. बाबा संध्याकाळी फिरायला जात आणि परत येऊन उभ्या गाड्यांची संख्या सांगत. चालत्या यंत्रापेक्षा उभे यंत्र लवकर मरते, सील सुकतात, बेअरिंग एकाच जागी गंजते, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत, आणि ऐकणाऱ्याला कळे की ते फक्त यंत्रांविषयी बोलत नाहीत. भाऊ पुढे वेर्ण्याला एका औषधी कारखान्यात देखभालीच्या कामाला लागला आणि आता तिथे सुखात आहे. पण त्या दोन वर्षांत आमच्या घराण्यात सिव्हिल शहाणपणाचे ठरले आणि बाबांचे वाक्य खरे झाल्यासारखे दिसले. ते माझ्या तोंडात रुजले ते तेव्हाच असावे. परिस्थितीने योगायोगाने खरे ठरवलेले वाक्य आपण अनुभव म्हणून जवळ बाळगतो आणि पुढच्याला देऊन टाकतो. वास्तविक माझ्या शाखेनेही या भूमीत केलेले सगळेच काही अभिमानाने सांगावे असे नाही. कापलेल्या डोंगरांच्या लाल भिंती पाहिल्या की माझी मान खाली जाते, कारण असे प्रत्येक कापकाम कुणीतरी माझ्याच पदवीच्या माणसाने कागदावर आखलेले असते.

जुलैच्या सुरुवातीला कामानिमित्त बोरीच्या बाजूला गेले असता मी खाजणाच्या बांधावर थोडा वेळ उभी राहिले. ओहोटी लागली होती. बांध मातीचा, त्याला चिऱ्यांचा आधार, आणि मध्ये मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारे दार. मानशीची लाकडी दारे शेतातल्या पाण्याच्या रेट्याने नदीकडे उघडली होती आणि पाणी घुमत बाहेर पडत होते. भरती आली की नदीचेच पाणी ती दारे लोटून बंद करणार आणि खारे पाणी शेतात शिरू देणार नाही. ना मोटर, ना माणूस. रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या. माझी नजर सवयीने बांधाकडे गेली, कुठे खेकड्याने बीळ पाडले आहे का, कुठे पाझर आहे का. मग मी मुद्दाम दाराकडे पाहिले. लाकूड चौकटीत कसे बसते, कुठे घासते, किती सैल ठेवले आहे. दार अडकले तर बांध कितीही भक्कम असून शेत बुडणार, आणि बांध फुटला तर दार कुणासाठी उघडायचे. गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन गाव मिळून सांभाळी त्या काळापासून ज्यांनी हे सांभाळले त्यांना बांध आणि दार वेगळ्या माणसांची कामे वाटली असतील का, मला ठाऊक नाही. पण बांधाची काळजी करणाऱ्याला रात्री वेगळी स्वप्ने पडत असणार आणि दाराची काळजी करणाऱ्याला वेगळी. मला बांधाची पडतात. ती मला आता माझीच वाटतात, आणि तरीही सातवीतल्या त्या शनिवारचा स्क्रू-ड्रायव्हर अजून टेबलाच्या खणात आहे.

पुढच्या रविवारी मी तिला हाक मारली. ती फोल्डर घेऊनच आली. कागदावर पहिल्या रांगेत "सिव्हिल" लिहिले होते, पेन्सिलीनेच, आणि फिके. मी तिला सांगितले की त्या दिवशीचे उत्तर मी न विचार करता दिले होते आणि ते मागे घेते आहे. मग क्यूबचे अठ्ठावीस दिवस सांगितले, वोलरचे आस सांगितले, सत्तरीची भिंतही सांगितली, जी मी घराबाहेर फारशी कुणाला सांगितलेली नाही. ती खाली मान घालून ऐकत होती. भिंतीची गोष्ट संपल्यावर तिने विचारले, "मग खडी त्याच दिवशी आली असती तर?" मी म्हणाले, तर ती अजून उभी असती. ती पुढे काही बोलली नाही. मी खणातला स्क्रू-ड्रायव्हर आणला, पंपाचे बटण दाबले आणि आम्ही विहिरीकडे गेलो. पाऊस बारीक होता. मी तिच्यावर छत्री धरली. टोक कुठे टेकवायचे एवढेच तिला दाखवले. काय ऐकायचे ते सांगितले नाही.

तिने मूठ कानाला लावली, आणि बाबा मिटत तसे डोळे मिटले. आधी मोटरच्या बाजूला, मग पंपाच्या बाजूला, पुन्हा मोटरच्या बाजूला.

"इथे गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "आणि इथे आत कुणीतरी वाळू चाळतंय." मग टोक न उचलता, डोळे न उघडता, रिकाम्या हाताने मला खूण करून ती म्हणाली, "काकी, एकदा बंद करून परत सुरू करा ना. सुरू होताना कसा येतो ते ऐकायचंय."

छत्री तिच्या खांद्याला टेकवून मी बटणाकडे गेले.